लग्नघरचे गोड आणि वानवळा

तुळशीविवाह आटोपून मुहूर्त निघू लागले म्हणजे ज्या घरी कार्य आहे तेथे एक प्रश्न हमखास निघतो : गोड काय करावयाचे, आणि निघताना पाहुण्यांच्या हाती काय द्यावयाचे? पूर्वी हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्या बाया सोडवीत. हल्ली तो भोजनाचा मक्ता घेणाऱ्या केटररच्या छापील यादीने किंवा मुलांच्या मोबाईलवरील चित्रांनी सुटतो. यादीत गुलाबजाम, रसमलाई, अंगूर मलई, मुगाचा हलवा, जिलबी, आइस्क्रीम असे सात-आठ प्रकार असतात. चित्रांत पाच मजली केक असतो. आपल्या उमरगा तालुक्यातील एका लग्नाचे ताट व दुसऱ्या लग्नाचे ताट यांत आता नावापुरताही भेद उरलेला नाही, आणि दोन्ही घरांचा पैसा मात्र सारखाच शहराकडे गेलेला आहे. नवे काही करावे अशी इच्छा असूनही ते सुचावे कोठून, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रथम खर्चाविषयी थोडे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांच्या चौकशीकरिता सरकारने आयोग नेमला होता. शेतकरी लग्नकार्यातील उधळपट्टीने बुडतो, हे त्या वेळीही सर्वांच्या तोंडी होते. आयोगाने मात्र हे कारण वाजवीपेक्षा फुगविले गेले आहे असे मत दिले. अन्न, बियाणे, बैल व सरकारी सारा यांकरिता वरचेवर काढावी लागणारी लहान कर्जेच रयतेस क्वचित येणाऱ्या लग्नापेक्षा अधिक बुडवितात, असा त्याचा निष्कर्ष होता. सबब लग्नाच्या पंगतीस सर्व दोष लावणे न्यायाचे नाही. तथापि महसूल खात्यात असताना, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांस मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या साहाय्याची प्रकरणे माझ्या टेबलावरून जात, त्यांतील एक गोष्ट मनातून जात नाही. कर्जाच्या तपशिलात सोसायटीचे पीककर्ज, विहीर, बोअर यांच्यामागे ‘मुलीचे लग्न’ ही नोंद पुष्कळदा असे. ती पहिली क्वचितच असे. परंतु ती रक्कम खाजगी हातउसनी असल्याने तिचे व्याज सर्वांत चढे असे.

लग्नाच्या एकूण खर्चात मंडप, कपडा, दागिना, वाजंत्री यांस शेतकऱ्याच्या घरून काहीच पुरविता येत नाही. गोडाचे तसे नाही. हरभरा, गहू, ज्वारी, तीळ, शेंगदाणा, गूळ, दूध हा सर्व माल आपल्या कोठीत किंवा शेजाऱ्याच्या कोठीत असतो. तोच आपण बाजारभावाने विकतो आणि त्याचेच रूपांतर शहरातून चौपट मोलाने परत आणतो. नवे सुचण्याची पहिली जागा म्हणून कोठीच धरावी. दुसरी जागा म्हणजे खुद्द लग्नाचा विधी, कारण कोणत्या प्रसंगी कोणते गोड हे आपल्या रीतींनी फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. आपण केवळ त्यांचा अर्थ विसरलो आहोत.

साखरपुडा हा शब्दच पाहा. लग्न ठरल्याची खूण म्हणून वरपक्षाने वधूच्या हाती साखरेचा पुडा ठेवावयाचा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. सगळ्या समारंभास एका खाद्यवस्तूचे नाव मिळाले, इतकी ती वस्तू मोलाची होती. आज पुडा रंगीत कागदाचा, मण्यांचा, आरशांचा होतो आणि आत पेढ्याचे एखादे खोके असते. वरील वेष्टनाचे मोल आतल्या जिन्नसापेक्षा अधिक भरते. त्याऐवजी उत्तम खडीसाखर, किंवा चांगल्या गुऱ्हाळावरील गुळाची एकेक मुठीएवढी ढेप खणाच्या कापडात बांधून दिली, तर ती शब्दास धरून होईल आणि महिनाभर घरात वापरलीही जाईल. मुसलमान बांधवांत निकाह लागताच छुहारे वाटतात, तेही याच जातीचे : सुकलेले, न नासणारे, खिशात घालून नेता येणारे गोड. इराणात वधूवरांच्या डोक्यावर वस्त्र धरून त्यावर साखरेचे दोन सुळके एकमेकांवर घासतात. देश निरनिराळे, पण कार्याचा आरंभ साखरेने करावा ही बुद्धी एकच दिसते.

यानंतर रुखवत. याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण लग्नातील खाद्यकलेचे खरे भांडार तेथेच आहे. वधूच्या घरच्या बायांनी आपल्या हाताचे कौशल्य वरपक्षापुढे मांडावे, हा रुखवताचा हेतू. लाडू, करंज्या, अनारसे, चिरोटे, सांजोऱ्या हे तर असतच. परंतु सर्वांत नाजूक काम म्हणजे गव्हले, मालत्या, बोटवे, नखुले, फणुल्या हे खिरीचे वळवटाचे प्रकार. बारीक रवा दुधात घट्ट भिजवून, तुपाचा हात लावून, चिमटीत गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा वळावयाचा, तो गव्हला. नखाने दाबून सोडला तो नखुला, बोटावर वळला तो बोटवा, फणीच्या दात्यांवर दाबून रेघा उमटविल्या ती फणुली. लग्नाच्या कामास हात लावावयाचा तो गव्हले वळून, अशी पुष्कळ घरी चाल होती, आणि शेजारणी एकत्र बसून गाणी म्हणत ते काम करीत. सावलीत कडकडीत वाळवून ठेवले म्हणजे ते महिनोन्महिने टिकतात. तुपावर परतून, वाटीभर गव्हल्यांस लिटरभर दूध घालून खीर केली, तर दाणा दाणा अखंड राहतो व दातास लागतो.

यातील मर्म असे की, ज्या बायांनी हे प्रकार प्रथम वळले त्यांनी कल्पना परगावाहून आणल्या नाहीत. शेतातील दाणा, कुंपणावरील मालती, हाताचे नख, डोक्याची फणी यांवरूनच त्यांस आकार सुचले. आजच्या मुलीस नवा आकार काढावयाचा असेल तर तिनेही तसेच पाहावे. करडईचे बोंड, तुरीची शेंग, ज्वारीचे कणीस, तिफणीचे फण हे आकार कोणत्याही चित्रातील गुलाबापेक्षा वळण्यास सोपे आणि आपल्या घरास शोभणारे आहेत. करंजीस मुरड घालताना ती कणसासारखी दिसावी अशी घालता येते. फक्त मुरड जवळजवळ व बारीक घ्यावी लागते. हल्ली रुखवताचे तयार संच भाड्याने मिळतात. त्यांत थर्माकोलचा बंगला, बाहुल्यांची वरात, चकचकीत कागदाची तुळस असते. खाण्याजोगे काही नसते, आणि दुसऱ्या दिवशी तोच संच पुढच्या गावी जातो. त्यात वधूच्या हाताचे काय राहिले, हे संच नेणाऱ्याने स्वतःस विचारून पाहावे.

येथे एक स्पष्ट केले पाहिजे. रुखवत ही हौसेची वस्तू आहे, मागणीची नव्हे. वरपक्षाने अमुक इतके डबे, अमुक इतक्या दुरड्या असे सांगून मागितल्यास ते १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या अंगणात येऊन पोहोचते. एखाद्या घरी पाच पदार्थ मांडले आणि दुसऱ्या घरी पन्नास, तरी दोघींस सारखाच मान द्यावयाचा, एवढे वराकडील बायांनी पाळले तरी पुष्कळ आहे. पुण्यास २५ डिसेंबर १८७३ रोजी महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या रीतीने जो पहिला विवाह लागला, तो पानसुपारीच्या खर्चात लागला. इतके साधे करणे सर्वांस मानवणार नाही, परंतु पानसुपारीतही लग्न पुरे लागते हे त्याने दीडशे वर्षांपूर्वी दाखविले आहे.

आता पंगतीचा हिशेब. केटररच्या यादीतील सात गोड प्रकारांस मनुष्य सातपट खात नाही. तो प्रत्येकाची चव पाहतो व राहिलेले टाकतो. एकच गोड, पण भरपूर व ताजे, असे ठरविल्यास काय लागते ते पाहू. बुंदीचे लाडू घ्या. एक किलो बेसनास दीड किलो साखर व तळणात मुरणारे सुमारे सहाशे ग्रॅम तूप किंवा तेल धरले तर पन्नास ग्रॅमचे साठ लाडू सहज होतात. पाचशे पाने व प्रत्येकी दोन लाडू, म्हणजे हजार लाडू. त्यास बेसन सुमारे १७ किलो, साखर २५ किलो, तूप दहा-अकरा किलो लागेल. भरडताना साल-चुरी जाते ती धरून १७ किलो बेसनास हरभरा २३ किलोंच्या आसपास, म्हणजे पाव क्विंटलाच्या आतच. भाव ज्याने त्याने आपल्या पेठेचे घालावेत, आचाऱ्याची मजुरी व इंधन त्यात मिळवावे, आणि ती बेरीज केटररच्या गोडाच्या आकाराशी ताडून पाहावी. पाव क्विंटल हरभऱ्याची ही गोष्ट आहे, हे एकदा ध्यानात आले की यादीचा धाक कमी होतो.

बुंदी बिघडते ती बहुधा पाकात. पाक एकतारीच्या थोडा पुढे, अंगठा व तर्जनी यांमध्ये एक तार न तुटता राहील असा असावा. त्याहून कच्चा राहिला तर लाडू ओला राहून बुरशी धरतो. फार पुढे गेला तर बुंदीस पाक पिता येत नाही आणि लाडू कोरडा होऊन फुटतो. पाकात थोडा लिंबाचा रस पिळला तर साखरेचे पुन्हा खडे बनत नाहीत, कारण आंबटाने साखरेचा काही अंश फुटून तिचे स्फटिक जुळण्यास अडथळा होतो. जुने आचारी कारण सांगत नाहीत, पण लिंबू पिळतात.

पाकावरून टिकाऊपणाची गोष्ट ओघानेच येते. आपल्याकडील बरीच लग्ने चैत्र-वैशाखात, म्हणजे पारा चाळीस अंशांच्या वर असताना होतात. पदार्थ नासतो तो त्यातील मोकळ्या पाण्यामुळे. साखर व गूळ ते पाणी बांधून ठेवतात, तळण व भाजणे ते घालवितात; म्हणून लाडू, शंकरपाळी, अनारसा, तिळाची वडी ही उन्हाळ्यासही पुरी पडतात. दूध, खवा, मलई व ताजी साय यांत पाणीही असते आणि जंतूंस पोषकही असते. लग्नातील विषबाधेच्या बातम्यांत बासुंदी किंवा मलईचा पदार्थ पुष्कळदा निघतो तो यामुळेच. हाताच्या जखमेतील किंवा नाकातील एक जातीचे जंतू दुधाच्या गोडात शिरून काही तासांत विष सोडतात, आणि ते विष पदार्थ पुन्हा उकळला तरी जात नाही. म्हणून सकाळची बासुंदी संध्याकाळी उकळून वाढली म्हणजे झाले, ही समजूत प्राणावर बेतू शकते. ज्या आचाऱ्याच्या बोटास फडके बांधलेले आहे त्यास दुधाच्या कढईजवळ जाऊ देऊ नये.

हाच विचार वधूबरोबर द्यावयाच्या शिदोरीस लागू पडतो. पुरणपोळी कितीही आवडती असली तरी पुरण ओले असते. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते. त्याऐवजी सोलापूरपासून कलबुर्गीपर्यंतच्या टापूत प्रसिद्ध असलेली शेंगापोळी दुरडीत घालावी. भाजलेल्या दाण्यांचे कूट व चिरलेला गूळ समभाग, थोडे तीळ, वेलदोडा व चिमूटभर मीठ, एवढेच सारण. त्यात पाण्याचा थेंब नसतो. मंद आचेवर खरपूस भाजलेली पोळी आठवडाभर सहज राहते, आणि सासरी पोहोचल्यावर शेजारीपाजारी वाटण्यास ती पुरते.

तरीही खव्याचा पेढा नसेल तर काहींस कार्य झाल्यासारखे वाटत नाही. आपल्या जिल्ह्यातच भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे, जेथे १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेविला. त्या भागाचा खवा भौगोलिक मानांकन मिळविलेला आहे. घरचा जिल्हा सोडून दूरच्या शहरातील पेढा आणण्याचे मग कारण काय? म्हशीच्या पाच लिटर दुधाचा सुमारे एक किलो खवा पडतो, हे प्रमाण ध्यानी ठेवावे. या हिशेबापेक्षा स्वस्त कोणी देऊ करील तर त्यात दुधाखेरीज दुसरे काही आहे असे समजावे. पिठूळपणाची शंका आल्यास चिमूटभर खवा पाण्यात उकळून, निववून, त्यात आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिष्ट मिसळले आहे. दुकानातील सुट्या मिठाईवरही ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले आहे. ती पाटी वाचावी. नसेल तर विचारावी.

कल्पना मिळण्याची तिसरी जागा म्हणजे शेजार. उमरगा हे हैदराबादच्या वाटेवर, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले गाव. तीन भाषांच्या स्वयंपाकघरांचा वास येथे एकत्र होतो, आणि हे आजचे नाही. सीमेपलीकडे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी. तेथील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला, त्याच्या अन्नभोग या भागात मांडे, पोळ्या, दुधाचे गोड प्रकार यांची कृती दिलेली आहे. तापलेल्या खापरावर पसरून भाजलेला मांडा आजही काही घरांत लग्नास लागतो. आठ-नऊशे वर्षे टिकलेला पदार्थ आपल्या दारात असताना तो जुनाट म्हणून सोडावा आणि कालपरवाचे काही नवे म्हणून आणावे, यात मला तरी शहाणपण दिसत नाही. मांडा हातावर पसरण्याचे काम मात्र अवघड आहे. ते येणाऱ्या बाई गावात असतील तर त्यांस मान देऊन बोलवावे आणि दोन मुलींस त्यांच्याजवळ शिकण्यास बसवावे.

निजामी राज्यात १९४८ पर्यंत आपला तालुका होता, त्या हैदराबादची बदामाची जाळी व अशर्फी ही मिठाई प्रसिद्ध आहे. बदाम वाटून साखरेत घोटून त्याचा घट्ट गोळा करतात, आणि त्यावर जुन्या नाण्याचा छाप उठवून अशर्फी पाडतात. बदाम आपणास महाग. परंतु भाजून सोललेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट एकतारी पाकात घोटले तर तसाच मऊ, छाप घेणारा गोळा होतो. बंगाल्यात वराघरी व वधूघरी भेटीची ताटे जातात, त्यांतील संदेश लाकडी साच्यात दाबून मासा, शंख, फुलपाखरू अशा रूपाचे केलेले असतात. आपल्या सुताराने सागाच्या फळीत कणसाचा किंवा बैलजोडीचा ठसा कोरून दिला, तर तो दोन पिढ्या पुरेल.

आणि साचे करणारे, साखर ओतणारे कारागीर आपल्याकडे नाहीत असेही नाही. गुढीपाडव्याच्या गाठी कोण करतो? साखरेच्या पाकात थोडे दूध टाकून मळी काढतात, भिजविलेल्या लाकडी साच्याच्या दोन फळ्यांमध्ये दोरा धरून त्या आवळतात, आणि पाक ओततात. थोड्याच वेळात पांढरी शुभ्र पदके दोऱ्यात ओवलेली निघतात. कर्नाटकात संक्रांतीस साखरेचे हत्ती, घोडे, वृंदावने याच रीतीने पाडतात. हा धंदा महाशिवरात्रीनंतर सुरू होतो व पाडव्यास संपतो. नेमके त्याच सुमारास लग्नांची दाटी सुरू होते आणि त्या भट्ट्या थंड पडलेल्या असतात. गाठीवाल्यास लग्नाची मागणी नोंदविली तर पाहुण्यांच्या मुलांस एकेक साखरेचा बैल देता येईल आणि त्या गरीब कारागिराचा हंगाम दोन महिने लांबेल.

यासारखेच साखरफुटाण्याचे. इटलीत लग्नाहून परतताना पाहुण्यांस साखरेचे कवच चढविलेले पाच बदाम जाळीच्या पुरचुंडीत देतात. आरोग्य, संपत्ती, सुख, संतती व दीर्घायुष्य असे पाचांचे पाच अर्थ. श्रीमंत घरचे लोक त्याचे अनुकरण करू लागले आहेत व बदाम शहरातून मागवितात. वस्तुतः तापत्या कढईत दाणे हलवीत त्यांवर पाकाचे पातळ हात देत कवच चढविण्याची हीच विद्या आपल्या जत्रेतील साखरफुटाण्यात आणि संक्रांतीच्या तिळाच्या हलव्यात आहे. आपल्या शेतातील हरभऱ्याचे पाच साखरफुटाणे पुरचुंडीत बांधले तर अर्थ पाचही तेच ठेवता येतील.

राहता राहिला केक. तो आता खेड्यातील स्वागतसमारंभातही कापला जातो, तेव्हा त्याकडे नाक मुरडून चालणार नाही. युरोपातील प्राचीन रोमन लोकांत विवाहसमयी धान्याची पोळी वधूवर वाटून खात. तेथून त्या खंडात लग्नाच्या केकची परंपरा सांगतात. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या १० फेब्रुवारी १८४० च्या विवाहातील केक सुमारे तीनशे पौंड वजनाचा होता, आणि पांढऱ्या साखरेचे कवच घातलेला उंच केक ही थोरामोठ्यांची चाल तेव्हापासून सर्वत्र फैलावली. तो केक सुक्या मेव्याचा, घट्ट, महिनोन्महिने टिकणारा असे. आपल्याकडे येतो तो वेगळा : आतून ओला, वरून फेसाळलेल्या वनस्पती तुपाचा लेप दिलेला. वैशाखात दोन तासांच्या गाडीच्या प्रवासातच तो कलतो, आणि तीन-चार मजल्यांपैकी खालचे मजले पुष्कळदा पुठ्ठ्याचे असतात. कापताना चित्र निघते, खाण्यास फारसे कोणी जात नाही.

गोव्याच्या ख्रिस्ती समाजात केकही असतो, पण त्याने घरची रीत खाऊन टाकलेली नाही. वधूच्या घरून वराच्या घरी ‘वोजें’ म्हणून टोपली जाते. तीत दोदोल, केळी आणि ‘दोस’ असते, आणि ते सर्व शेजाऱ्यांत वाटले जाते. ही दोस हरभऱ्याच्या डाळीची, नारळ व साखर घालून आटविलेली वडी आहे. आपल्या पुरणाची ती सख्खी बहीण म्हणावी. पोर्तुगीज अंमलात साडेचारशे वर्षे काढूनही त्यांनी हरभरा सोडला नाही.

ज्यांस भट्टीत भाजलेलेच काही हवे असेल त्यांनी नानकटाईकडे वळावे. दिवाळीत व रमजानात आपले पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीवाल्याकडून नानकटाई भाजून आणण्याची चाल आपल्या लहान गावांत आहेच; लग्नास ती कोणी योजीत नाही एवढेच. येथे ज्वारीचा विशेष उपयोग होतो. पाव किंवा केक फुगून उभा राहण्यास गव्हातील चिवट द्रव्य लागते. ते ज्वारीत नाही, म्हणून नुसत्या ज्वारीचा केक बसतो. नानकटाईचे उलट आहे : ती फुगावयाची नसून जिभेवर विरावयाची असते, आणि चिवटपणा जितका कमी तितकी ती खुसखुशीत. अर्धे मालदांडी ज्वारीचे पीठ व अर्धे गव्हाचे मिळून एक किलो, तूप साडेसहाशे ग्रॅम, दळलेली साखर तितकीच, वेलदोडा व सोड्याची चिमूट. तूप-साखर हाताने पांढरी होईतो फेसावी, मग पीठ मिसळावे, मळू नये. याच्या नव्वदावर नानकटाया होतात. ज्वारीचे पीठ शिळे झाल्यास कडवट लागते, म्हणून ते त्याच दिवशी दळून घ्यावे. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, भाषणे पुष्कळ झाली. ज्वारी लग्नाच्या ताटात मात्र अक्षतांपलीकडे अजून आलेली नाही.

वानवळा हा आपला जुना शब्द. शेतात नवे आले की त्यातील थोडे शेजाऱ्यास, सोयऱ्यास द्यावयाचे, तो वानवळा. लग्नाहून परतणाऱ्या पाहुण्यास प्लास्टिकची शोभेची वस्तू देण्यापेक्षा हा वानवळा द्यावा. तो गोडच असला पाहिजे असेही नाही. शेजारच्या निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे; आपल्या घरची डाळ तशी चविष्ट असेल तर शंभर ग्रॅमच्या कापडी पुरचुंड्या कराव्यात. तीनशे कुटुंबांस तीस किलो डाळ पुरते. पुरचुंडीवर गावाचे नाव व वधूवरांची नावे लिहिली म्हणजे ती शिजेल त्या दिवशी त्या घरी आपली आठवण निघेल.

ज्याच्या घरी वैशाखात कार्य आहे त्याने माघ महिन्यातच गव्हले वळावयास घ्यावेत, म्हणजे थंड हवेत ते नीट वाळतात. सुतारास साचा सांगणे व गाठीवाल्याशी बोलणे फाल्गुनात व्हावे. पाडव्यानंतर तो भट्टी मोडून दुसऱ्या कामास लागतो. हरभरा नवा येताच लागेल तेवढा बाजूस काढून, उन्हे देऊन ठेवावा. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी पालटून, पीठ गुळात मळून पंधरा दिवस आधी तयार असावे. नानकटाई व तिळाची वडी आठ दिवस आधी करून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावी, शेंगापोळ्या दोन दिवस आधी भाजाव्यात, बुंदी आदल्या दिवशी पाडावी, आणि खवा आणावयाचाच असेल तर तो लग्नाच्या दिवशी पहाटे.